मुंबई ते जयगड, खाडी आली की गाडी बोटीत: जंगलजेट्टींचा रिव्ह्यू

मे महिन्यात कोकणात जाऊ नका, मरणाचं उकडतं, गर्दी असते, रूमचे भाव डबल होतात, हे आम्हाला घरच्यांनी दारच्यांनी सगळ्यांनी सांगितलं आणि ते सगळं खरं निघालं, तरी मी म्हणेन जा. फक्त हायवेने जाऊ नका. आम्ही दोघंच, मी आणि नवरा, आमची छोटी हॅचबॅक घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने मुंबईपासून जयगडपर्यंत गेलो आणि वाटेत जिथे पूल नाही तिथे गाडी सरळ बोटीत घातली. हॉटेलचे रिव्ह्यू पोत्याने मिळतात, बोटींचे कोणी धड लिहीत नाही, म्हणून हे बोटींबद्दल, मुख्यतः गाड्या खाडीपार नेणाऱ्या जंगलजेट्टींबद्दल.

सुरुवात मुंबईतल्या भाऊच्या धक्क्यावरच्या रोरोने, म्हणजे गाडी चालवत आत नेता येते त्या मोठ्या फेरीबोटीने. ही २०२० ला सुरू झाली, ग्रीसमध्ये बांधलेलं जहाज आहे, एका तासात गाडीसकट मांडव्याला. सर्व्हिस चोख. तिकीट ऑनलाइन, गाडी कुठे लावायची ते माणसं हात करून सांगतात, वर एसीत बसायचं तर बसा नाहीतर डेकवर जा, चहा-सँडविच मिळतं. धक्क्यावर शिरताना मासळीचा वास येतो तेवढाच काय तो जुन्या भाऊच्या धक्क्याचा पुरावा. आता प्रश्न असा की जानेवारी २०२४ ला अटल सेतू सुरू झाल्यापासून रोरो कशाला, असं आमच्या ग्रुपवर पण विचारलं गेलं. तर त्याचं उत्तर म्हणजे वडखळ, पुलावरून गेलं तरी अलिबागच्या वाटेवर ते लागतंच. शनिवारी सकाळी पेण-वडखळच्या ट्रॅफिकमध्ये एकदा अडकलेला माणूस हा प्रश्न पुन्हा विचारत नाही. पैसे मात्र चांगलेच लागतात, गाडीचं तिकीट आणि माणसांचं वेगळं, आणि खरं सांगू का, बोटीत बसल्याचं फीलिंग यायच्या आत मांडवा येतं. शिवाय ते फोटोतले सीगल बघायचे म्हणून कोणी जाणार असाल तर ते हिवाळ्यातले पाहुणे, मे मध्ये नसतात, मी उगाच कुरकुरे घेऊन डेकवर उभी. सोय म्हणून पाचातले चार, मजा म्हणून तीन.

अलिबाग आम्ही फक्त जेवायला थांबलो. रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा लटकवून बायका बसलेल्या असतात, त्या उन्हाळ्यातच मिळतात, घ्याच. आम्ही जाताना घेतल्या आणि मग पूर्ण ट्रिपभर गाडीला कांद्याचा वास, पण कांदा एवढा गोड की नवऱ्याने दुपारी नुसता भाकरीबरोबर खाल्ला. पुढे रेवदंड्याचा पूल, कोर्लई, काशीद (रविवारी अजिबात थांबू नका, पार्किंगलाच अर्धा दिवस जातो) करत मुरुड.

जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होडीने जातात, म्हणजे तीही एक फेरीच. इंजिन बंद, फक्त शिडाचा फडफडाट आणि पाणी कापल्याचा आवाज, हे मला किल्ल्यापेक्षा जास्त आवडलं असं म्हटलं तर लोक मारतील. किल्ला भारीच आहे, सिद्दीकडून तो शेवटपर्यंत कोणाला घेता आला नाही हे तिथे उभं राहिलं की कळतं, दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. पण फिरायला वेळ मोजून देतात, उतरताना होडी वरखाली होत असते आणि दोघं जण हाताला धरून पायरीवर अक्षरशः भिरकावतात. दुपारी बारा ते तीन चुकूनही जाऊ नका, आत सावली नाही.

आता खरी जंगलजेट्टी सुरू. आगरदांडा ते दिघी. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी, ही सपाट तळाची लोखंडी बोट असते, पुढचा रॅम्प किनाऱ्यावर आडवा पडतो, त्यावरून बाईक, कार, टेम्पो सगळं आत, वर चढायला जिना आणि छपराखाली बाकं. काही बोटींना गाडी रिव्हर्समध्ये चढवावी लागते. नवरा पुण्यात गल्लीबोळात रिव्हर्स मारणारा माणूस, पण ओला रॅम्प आणि मागे समुद्र बघून त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तिथला पोरगा मात्र एकदम निवांत, "दादा, आरशात बघू नका, माझ्याकडे बघा," असं म्हणत हाताने येऊ दे येऊ दे करत बरोब्बर दुसऱ्या गाडीपासून वीतभर अंतरावर आणून थांबवलं. हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा, आणि गाडीत बसून राहू नका, वर जा. आगरदांड्याला बोट मोठी, खाडी रुंद, वारा मस्त. मार्क साडेतीन, कारण सुट्टीच्या दिवशी रांगेत उन्हात उभं राहायला लागतं आणि सावलीची सोय म्हणाल तर एक टपरी.

दिघीहून दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. दिवेआगरला घरगुती खानावळीत उकडीचे मोदक सकाळीच सांगून ठेवले तर रात्री मिळतात, ताटात बाजूला तूप, तेही चमचाभर नव्हे, वाटीभर. राहायचं मात्र बघून घ्या. आम्हाला याच पट्ट्यात एका होमस्टेवाल्याने एसी रूम सांगून मे चा फुल रेट लावला, आणि लाइट गेल्यावर कळलं की इन्व्हर्टर फक्त त्याच्या हॉलला. विचारलं तर म्हणे समुद्राचा वारा येतो की! रात्रभर डास आणि आम्ही. नाव लिहीत नाही, पण अ‍ॅडव्हान्स देण्याआधी बॅकअप कशाकशाला आहे ते स्पष्ट विचारा. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीची वेळ विचारूनच करा, पुजाऱ्यांना, दुकानदारांना कोणालाही विचारा, सगळ्यांना पाठ असतं. भरतीत तिथले खडक जीवघेणे आहेत, हिरोगिरी नको.

हरिहरेश्वरपासून जवळच बागमांडला, तिथून सावित्री नदी ओलांडून वेसवी, म्हणजे रायगड जिल्हा संपून रत्नागिरी. ही सगळ्यात घरगुती जेट्टी. पाण्यात रखडलेल्या पुलाचे खांब उभे आहेत. तिकीट देणाऱ्या काकांना मी विचारलं पूल कधी होणार, तर ते हसले आणि सुट्टे आहेत का विचारलं. रेवस-रेड्डी सागरी महामार्गात या सगळ्या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत, झाले की आंबेत-म्हाप्रळमार्गे लांबचा वळसा किंवा बोटीची वाट बघणं दोन्ही संपेल. तिथल्या माणसाला रात्री पेशंट न्यायचा असेल तर पूल हवाच, आम्हा टुरिस्टांच्या रोमान्ससाठी त्यांनी का थांबावं. पण तोवर जाऊन या. मार्क चार.

पुढे केळशी, आंजर्ले, हर्णै. हर्णैला संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव असतो, समोर सुवर्णदुर्ग (२०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या मराठा किल्ल्यांमध्ये हा पण आहे). लिलाव बघायला जा, चप्पल मात्र धुवायला लागेल अशी घाला. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, त्यामुळे मे अखेरपर्यंत जी काय ताजी सुरमई-पापलेट खायची ती खाऊन घ्या. कोकम सरबताला पण गल्लोगल्ली बोर्ड आहेत, पण बाटलीतलं लालभडक पाणी वेगळं आणि आमसुलाचं वेगळं, घोट घेतल्यावर कळतं.

आणि मग दाभोळ-धोपावे. हिला माझे पाचात पाच. २००३ पासून ही चालू आहे, या किनाऱ्यावर गाड्या नेणारी जंगलजेट्टी इथूनच रुळली. ही नसेल तर दापोलीहून गुहागरला जायला खेड-चिपळूण फिरून शंभराच्या वर किलोमीटर, आणि हिने पंधरा-वीस मिनिटांत वाशिष्ठी पार. एकेकाळी बहमनी आणि आदिलशाहीच्या काळात इथे परदेशी जहाजं लागायची, जेट्टीजवळच जुनी दगडी शाही मशीद आहे, रांगेत गाडी लावून मी बघून आले. आम्ही गेलो तेव्हा लग्नसराई जोरात, आमच्या पुढे एक अख्खं वऱ्हाड. नवरदेवाची फुलांनी सजवलेली गाडी पहिली घेतली, रॅम्पवर चढताना बॉनेटवरचा हार सुटून अर्धा पाण्यात, अर्धा रॅम्पवर, त्यावरून मागची आंब्याच्या पेट्यांची पिकअप गेली आणि करवल्यांची आरडाओरड. वरच्या डेकवर एका आजींनी मला न विचारता हातात लाडू दिला आणि "कुठल्या गं तुम्ही, पोरं कुठायत?" सुरू केलं, नवरा लगेच रेलिंगपाशी फोटो काढायला पळाला. नुसतीच टुरिस्टांची राइड असती तर ही मजा आली नसती. तिकीटही कार आणि दोन माणसं मिळून तीनशेच्या आत, एवढ्यात मुंबईत दोन कॉफ्या येत नाहीत.

पलीकडे गुहागरच्या वाटेवर तो वीजप्रकल्प लागतो, लोक त्याला अजून मूळ अमेरिकन कंपनीच्या नावाने एन्रॉनच म्हणतात. गुहागरला व्याडेश्वर, लांबलचक शांत बीच, हेदवीचा दशभुजा गणपती, मग तवसाळहून शास्त्री नदी ओलांडून जयगड. शेवटची बोट आणि सगळ्यात रिकामी, आमच्याशिवाय दोन बाईकवाले आणि एक दुधाचा टेम्पो. इथे मार्क तीन. समोर बंदर, मोठाली जहाजं, नजारा छान, पण बोट भरेपर्यंत निघत नव्हती आणि कधी निघणार ते कोणी सांगत नव्हतं.

सुट्टे पैसे ठेवा, खाडीत रेंज गेली की यूपीआय रामभरोसे. शेवटची फेरी किती वाजता ते आदल्या दिवशी फोन करून विचारा, गूगलवरच्या वेळांवर जाऊ नका, आणि संध्याकाळची शेवटचीच पकडू असा प्लॅन करू नका, ती चुकली तर वळसा अंधारात घाटाचा आहे. गाडी खूप लो असेल तर ओहोटीला रॅम्पचा चढ जास्त असतो, खाली घासते, थांबून पाणी चढल्यावर जा. गुडघे दुखणारे आईबाबा बरोबर असतील तर वर चढायचा जिना उभा आहे, त्यांना खाली सावलीच्या बाजूला खुर्ची मागितली तर देतात, आम्ही बघितलं. आणि बाईकवाल्यांनो, बोट धक्क्याला टेकेपर्यंत स्टँडवरून गाडी काढू नका, दिघीला आमच्यासमोर एकाची बुलेट आडवी झाली ती थेट दुसऱ्याच्या सायलेन्सरवर.