हातचाकांच्या मिलिंग मशीनचे सीएनसी: दहा महिन्यांच्या वापरानंतर

रत्नागिरीत मिरकरवाड्याजवळ राहत असल्यामुळे माझ्याकडे येणारी बहुतेक कामे होड्यांची असतात: फिशफाइंडर बसवायचा ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट, नायलॉनची पुली, एखाद्या बेअरिंगचे घर. ही कामे मी एक्स-टू जातीच्या लहान मिलिंग मशीनवर, म्हणजे फिरत्या कटरने धातू कोरणाऱ्या यंत्रावर, बरीच वर्षे हातचाके फिरवून केली. गेल्या गणपतीत भाच्याने मुंबईहून येताना नागदेवीच्या हार्डवेअर बाजारातून बेअरिंगे आणली आणि त्या सुट्टीतच तिन्ही अक्षांवर (एक्स डावे-उजवे, वाय पुढे-मागे, झेड वर-खाली) नेमा २३ मापाच्या, पावलापावलाने फिरणाऱ्या स्टेपर मोटरी, १६ मिलिमीटर व्यासाचे व ५ मिलिमीटर लीडचे (एका फेऱ्यात तेवढे सरकवणारे) बॉलस्क्रू, म्हणजे गोळ्यांवर फिरणाऱ्या नटाचे स्क्रू, आणि जीआरबीएल हे मोटरींना हुकूम देणारे सॉफ्टवेअर चालवणारा आर्डुइनो हा छोटा कंट्रोल बोर्ड बसवून मशीन सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमाने चालणारे, केले. टेबलाला आधार देणाऱ्या सॅडलखाली जागा पुरेना, म्हणून तेवढे काम मिरजोळे एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमधून करून घेतले. खर्च ४५ हजारांच्या घरात गेला.

विजेची जोडणी लोक सांगतात तेवढी अवघड नाही. मोटरीच्या एका फेऱ्यात २०० पावले, मोटरीच्या ड्रायव्हरवर आठपट मायक्रोस्टेपिंग (प्रत्येक पावलाचे आठ भाग), म्हणजे फेऱ्याला १६०० पल्स. त्याला ५ ने भागले की मिलिमीटरला ३२० हा आकडा येतो, तो सेटिंगमध्ये भरला की काम झाले. माझी चूक यांत्रिक बाजूला झाली. काटकसर म्हणून मी स्क्रूच्या टोकाला साधी ६००१ बेअरिंगे घातली होती. पहिल्याच महिन्यात ६०८ बेअरिंगसाठी २२ मिलिमीटरचे भोक पाडले, ते वाय दिशेने बरोबर २२.०० आणि एक्स दिशेने २१.८८ भरले, हाताने पाहिले तर डावी-उजवीकडे, जिथे एक्स दिशा बदलतो, तिथे काठावर बारीक पायरी लागत होती. डायल गेज टेबलाला लावून स्क्रू मागे-पुढे फिरवला तेव्हा कळले की नटात प्ले, म्हणजे ढिलाई, जेमतेम ०.०२ होता, बाकीचा ०.१० टोकाच्या बेअरिंगांतच होता. समोरासमोर तोंडे असलेली, लांबीच्या दिशेचा जोर घेणारी अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगांची जोडी घालून नट आवळल्यावर तेच भोक २१.९८ भरू लागले. दिशा बदलताना वाया जाणारी ही ढिलाई, म्हणजे बॅकलॅश, सॉफ्टवेअरने भरून काढता येतो असे सांगणारे भेटतात. जीआरबीएलमध्ये ती सोय नाहीच, आणि असती तरी क्लाइम्ब मिलिंगमध्ये, म्हणजे कटरचे दात सरकीच्या दिशेनेच कापतात तेव्हा, कटर स्वतःच टेबल ओढून घेतो, तिथे तिचा उपयोग शून्य.

दुसरा धडा मे महिन्यातल्या वळवाने दिला. ब्रॅकेटचा खिसा अर्धा झाला असताना वीज गेली. पूर्वीचे हेड (स्पिंडल धरणारा वर-खाली होणारा भाग) हाताने सोडले तर जागीच राहायचे; बॉलस्क्रूवर मात्र घर्षण इतके कमी असते की मोटरीची पकड सुटताच हेड आपल्या वजनाने खाली सरकते. ६ मिलिमीटरचा एंड मिल (कटर) कामात घुसून मोडला आणि व्हाइसच्या जबड्यावर ओरखडा उमटला, तो अजून आहे. मी आधी संगणकाचा यूपीएस कंट्रोलला जोडला, पण तोही अर्धवट उपाय होता, कारण स्पिंडल थांबलेले असताना अक्ष चालतच राहिले असते. आता मेन लाइनवर एक रिले आहे. वीज गेली की तो जीआरबीएलच्या फीड होल्डला (चाल थांबवणाऱ्या हुकमाला) इशारा देतो आणि यूपीएसवर मोटरी फक्त हेड धरून ठेवतात. त्यासाठी जीआरबीएलची डॉलर-१ ही मोटरींची पकड किती वेळ टिकवायची ते ठरवणारी सेटिंग २५५ वर (कायम पकड) हवी, नाहीतर मुळातल्या २५ मिलिसेकंदांनंतर पकड सुटते. हेडचे वजन तोलायला गाडीच्या डिकीचा जुना गॅस स्प्रिंगही लावला आहे.

अक्षाच्या टोकाला मशीन थांबवणारा लिमिट स्विच मधूनच विनाकारण लागत असे, कारण होता स्पिंडलच्या मोटरीचा विजेचा गोंगाट. शिल्डेड केबल घालून शिल्ड एकाच टोकाला अर्थ केल्यावर तो बराच कमी झाला. उरलेला गोंगाट अर्थिंगचा खड्डा कोळसा-मीठ भरून नव्याने केल्यावर गेला. कोरड्या जांभ्यात नुसती पाइप ठोकून अर्थ मिळत नाही, हे आमच्याकडच्या कोणत्याही वायरमनला विचारावे.

गंजाबद्दल तक्रार करावी तेवढी थोडी. जूनमध्ये दोन दिवस मशीन न पुसता राहिले तर टेबलावर तांबूस ठिपके येतात. आता ६८ ग्रेडचे स्लाइडवे ऑइल लावून, प्लायवूडच्या खोक्यात ६० वॉटचा बल्ब रात्रभर जळता ठेवतो. वायच्या जिबमध्ये (सरकत्या भागाची ढिलाई घेणाऱ्या पट्टीत) थोडा प्ले उरला आहे, तो पावसाळा संपल्यावर घासून काढायचा आहे. तोपर्यंत बेअरिंगच्या घराचे शेवटचे बोअरिंग मी बोअरिंग हेडनेच (स्पिंडलमध्ये फिरून भोक नेमक्या मापाला आणणाऱ्या हत्याराने) करतो.