नारळ देण्याच्या दोन तऱ्हा : ट्विटर आणि मेटा

नोव्हेंबर २०२२. पाच दिवसांच्या अंतराने दोन कंपन्यांनी माणसं काढली.

४ तारखेला ट्विटर. उद्योगपती इलॉन मस्क यांनी कंपनी ताब्यात घेऊन आठवडाच झाला होता. आदल्या संध्याकाळी फतवा निघाला: नोकरी टिकली तर ऑफिसच्या पत्त्यावर मेल येईल, गेली तर खासगी पत्त्यावर. म्हणजे रात्रभर दोन इनबॉक्स उघडून बसायचं. काहींचा लॅपटॉप मेल यायच्या आधीच बंद पडला. साडेसात हजारांतले जवळपास निम्मे गेले, आणि मग काहींना ‘परत या’ म्हणून निरोपही गेले! घाईचा एवढा उघड पुरावा दुसरा नसेल.

९ तारखेला मेटा, म्हणजे फेसबुकची मालक कंपनी: ११,००० जण, म्हणजे १३ टक्के कर्मचारी. इथे प्रमुख मार्क झुकेरबर्ग यांनी चूक स्वतःच्या नावावर घेतली. १६ आठवड्यांचा मूळ पगार, शिवाय नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे दोन आठवडे, सहा महिने आरोग्य विमा. निरोपानिरोपीसाठी मेल दिवसभर चालू ठेवला. एच-१बी या अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या आपल्या पोरांना नोकरी संपल्यापासून नवी नोकरी शोधायला किंवा देश सोडायला साठच दिवस मिळतात. त्यांच्यासाठी इमिग्रेशनची मदतही होती.

वागणुकीत मेटा उजवी, यात वाद नाही. पण २०१९ अखेरच्या ४५ हजारांवरून तीन वर्षांत ८७ हजारांवर भरती नेली कोणी? तिथे मेटाला माझ्याकडून गुण नाहीत. मार्च २०२३मध्ये तिने आणखी १०,००० जणांची कपात जाहीर केली.