पीएचपी अ‍ॅप्लिकेशनला लॉगिन जोडताना: स्वतः लिहायचं, लायब्ररी घ्यायची, फ्रेमवर्कवर जायचं की गूगलवर सोपवायचं?

चालू पीएचपी अ‍ॅप्लिकेशनला युजर अकाउंट जोडायचं ठरलं की लॉगिनचं पान एका दुपारीत उभं राहतं. ईमेल घ्यायचा, डेटाबेसमधली ओळ शोधायची, पासवर्ड जुळवायचा, सेशन (लॉगिन झालेला माणूस पानापानावर ओळखण्याची सोय) सुरू करायचं. खरं काम त्यानंतर सुरू होतं: विसरलेला पासवर्ड, ईमेलची पडताळणी, ‘मला लक्षात ठेवा’, चुकीच्या प्रयत्नांना लगाम आणि सगळ्या उपकरणांवरून एकदम लॉगआउट. खालच्या तुलनेत निकष एकच आहे. ही पाच कामं कोण लिहिणार आणि दोन वर्षांनी ती कोण सांभाळणार?

उदाहरणासाठी एक नेहमीचं चित्र घेऊ. क्लासच्या फीचा हिशोब किंवा सोसायटीची मेंटेनन्स बिलं सांभाळणारं अ‍ॅप्लिकेशन. फ्रेमवर्क (तयार सांगाडा) नाही, मायएसक्यूएल डेटाबेस आहे, शेअर्ड होस्टिंग आहे, युजर काही शे. अशा ठिकाणी आमचं मत स्पष्ट आहे: तयार लायब्ररी (दुसऱ्याने लिहिलेलं, आपल्या कोडला जोडायचं कोड) घ्या. नवं अ‍ॅप्लिकेशन कोऱ्या पानावरून सुरू करत असाल तर फ्रेमवर्कचं लॉगिन वापरा. गूगल लॉगिन दोन्हीकडे जोड म्हणून चांगलं, एकमेव दरवाजा म्हणून नाही.

स्वतः लिहायचं तर

पीएचपी ५.५ मध्ये, म्हणजे २०१३ साली, पासवर्डचा हॅश (ज्यावरून मूळ पासवर्ड उलट काढता येत नाही असं रूप) बनवणारं पासवर्ड_हॅश आणि तो जुळवणारं पासवर्ड_व्हेरिफाय ही फंक्शनं आली आणि सॉल्ट (हॅशमध्ये मिसळायचा रँडम मजकूर) वेगळा साठवण्याची गरज संपली. सॉल्ट, अल्गोरिदम आणि कॉस्ट (हॅश काढायला किती मेहनत घ्यायची तो आकडा) हे सगळं त्या एका हॅशमध्येच असतं. बीक्रिप्ट या सध्याच्या मूळ अल्गोरिदमचा हॅश ६० अक्षरांचा येतो, पण कॉलम २५५ चा ठेवा, कारण उद्या मूळ अल्गोरिदम बदलला तर लांबी वाढेल. कॉस्टचा मूळ आकडा आधी १० होता, पीएचपी ८.४ पासून १२ आहे. आकडा एकने वाढला की वेळ दुप्पट होतो. म्हणून आपल्याच सर्व्हरवर मोजा. एका लॉगिनला साधारण पाव सेकंद लागत असेल तर ठीक.

आर्गॉन२आयडी हा दुसरा अल्गोरिदम पीएचपी ७.३ पासून मिळतो आणि कागदावर तो सरस आहे. पण त्याच्या मूळ सेटिंगमध्ये एका हॅशला ६४ एमबी मेमरी लागते. शेअर्ड होस्टिंगवर महिन्याच्या पहिल्या तारखेला वीस जण एकदम लॉगिन करायला आले, तर १२८० एमबीची मागणी होते आणि प्रोसेस मारल्या जातात. शिवाय काही होस्टच्या पीएचपीत तो बांधलेलाच नसतो. आपल्या उदाहरणात बीक्रिप्ट पुरेसा आहे.

बीक्रिप्टची एक खोच मराठी युजरना थेट भिडते. तो पासवर्डचे पहिले ७२ बाइट्सच पाहतो, पुढचं निमूट टाकून देतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स घेतं, आणि मात्रा, अनुस्वार, हलन्त ही वेगळी चिन्हं मोजली जातात. म्हणजे मर्यादा २४ चिन्हांची. कुणी पाचसहा मराठी शब्दांचा पासवर्ड ठेवला, तर शेवटचा शब्द काहीही टाकला तरी लॉगिन होतं. नोंदणीच्या वेळीच बाइट्स मोजा आणि ७२ च्या वर गेलं तर स्पष्ट सांगा.

दुसरी अडचण ‘वऱ्हाड’ किंवा ‘दऱ्या’मधल्या अर्ध्या र ची. काही कीबोर्ड तिथे ऱ आणि हलन्त टाकतात, काही र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, बाइट्स मात्र वेगळे असतात. संगणकावर ठेवलेला पासवर्ड फोनवर चालत नाही आणि युजर शपथेवर सांगतो की तो बरोबर टाकतोय. तो खरंच बरोबर टाकत असतो. हॅश करण्याआधी युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) करा. त्यासाठी पीएचपीचं इंटल एक्स्टेन्शन लागतं. पण एनएफसी फक्त ‘र अधिक नुक्ता’ आणि ‘ऱ’ एक करतं. अदृश्य जोडचिन्हाचं रूप तुम्हालाच बदलून ऱ आणि हलन्त करून घ्यावं लागेल. जोडचिन्ह नुसतं पुसलं तर रफार उरतो आणि शब्दच बदलतो. नोंदणी, लॉगिन आणि पासवर्ड बदल या तिन्ही ठिकाणी हेच एक फंक्शन चालवा. हे काम कुठल्याही मार्गाने गेलात तरी तुमचंच आहे.

सेशनच्या बाजूला चार गोष्टी चुकतात. लॉगिन यशस्वी झाल्यावर सेशनचा आयडी बदलला नाही, तर आधीच माहीत करून घेतलेल्या आयडीने दुसरा माणूस आत येतो. म्हणून आयडी बदला आणि स्ट्रिक्ट मोड (सर्व्हरने न दिलेला आयडी न स्वीकारणं) चालू करा, तो मुळात बंद असतो. कुकीला एचटीटीपी-ओन्ली (जावास्क्रिप्टला न दिसणारी), सिक्युअर (फक्त एचटीटीपीएसवर जाणारी) आणि सेमसाइट लॅक्स (दुसऱ्या साइटवरून आलेल्या बहुतेक विनंत्यांसोबत न जाणारी) या खुणा लावा. तिसरी गोष्ट वेळेची. सेशनचं मूळ आयुष्य १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं. लांबलचक फॉर्म भरणारा माणूस ‘सेव्ह’ दाबतो आणि लॉगिनच्या पानावर जाऊन पडतो. तुम्ही वेळ वाढवलात तरी सेशनच्या फाइली इतर साइट्सच्या सामायिक फोल्डरमध्ये असतील, तर दुसऱ्या साइटची सफाई तुमच्या फाइली पुसू शकते. सार्वजनिक फोल्डरच्या बाहेर आपलं वेगळं सेशन फोल्डर करा. चौथी: लॉगआउटला सेशन नष्ट करणं पुरत नाही, ‘लक्षात ठेवा’चं टोकनही (ओळखीचा गुप्त संकेत) डेटाबेसमधून काढावं लागतं.

आणि पासवर्ड रीसेट, जिथे हाताने लिहिलेलं कोड सर्वाधिक ढासळतं. टोकन ३२ रँडम बाइट्सचं हवं. डेटाबेसमध्ये ते जसंच्या तसं न ठेवता त्याचा एसएचए-२५६ हॅश ठेवा, मुदत एक तास, वापर एकदाच. रीसेट झाल्यावर त्या युजरची बाकीची सेशन्स बंद करा. ईमेलमधली लिंक बनवताना डोमेन कॉन्फिगमधून घ्या. ब्राउझरने पाठवलेल्या होस्ट हेडरमधून घेतलंत, तर हल्लेखोर स्वतःचं डोमेन घुसवतो आणि युजरचं टोकन त्याच्याकडे पोचतं. ‘हा ईमेल आमच्याकडे नाही’ असंही सांगू नका. खातं असो वा नसो, उत्तर एकच द्या. लॉगिनला खातं सापडलं नाही, तरी एका बनावट हॅशवर तपासणी चालवा, नाहीतर उत्तराच्या वेगावरून कुणाचं खातं आहे ते कळतं.

एवढं सगळं लिहून, तपासून, पुढे सांभाळायची तयारी असेल तर हा मार्ग वाईट नाही. पण ‘छोटं अ‍ॅप्लिकेशन आहे, हातानेच लिहू’ या कारणाने तो घेऊ नका. वरची यादी अ‍ॅप्लिकेशन लहान असलं म्हणून लहान होत नाही.

तयार लायब्ररी

साध्या पीएचपीसाठी डिलाइट-आयएमची पीएचपी-ऑथ ही लायब्ररी कंपोझर या पीएचपीच्या पॅकेज-व्यवस्थापकाने येते आणि मायएसक्यूएल, पोस्टग्रेएसक्यूएल, एसक्यूलाइट तिन्हींवर चालते. नोंदणी, पडताळणी, रीसेट, ‘लक्षात ठेवा’, प्रयत्नांवर मर्यादा आणि भूमिका, सगळं त्यात आहे. फॉर्म तुमचे राहतात, ईमेल पाठवणं तुमचं, फॉर्ममधलं सीएसआरएफ टोकनही (दुसऱ्या साइटवरून खोटा फॉर्म येऊ नये म्हणूनचं) तुम्हीच लावायचं. जुनी पानं तशीच राहतात. प्रत्येक पानाच्या माथ्यावर दोनतीन ओळींची तपासणी येते, बस. आपल्या उदाहरणात ती घ्या म्हणतो ते याच कारणाने.

बसवताना तीन जागा जपा. ती ‘युझर्स’ नावाचं टेबल बनवते. तुमच्याकडे त्याच नावाचं टेबल आधीच असेल तर टेबलांना उपसर्ग देण्याची सोय वापरा. दुसरं, चुकीचा ईमेल आणि चुकीचा पासवर्ड यांसाठी ती वेगवेगळे एक्सेप्शन (त्रुटीच्या सूचना) फेकते आणि नमुना कोडमध्ये दोन वेगळे संदेश दिसतात. ते तसेच उचलू नका, दोन्हींना ‘ईमेल किंवा पासवर्ड चुकीचा आहे’ हेच लिहा. तिसरं, साइट क्लाउडफ्लेअरसारख्या प्रॉक्सीमागे (युजर आणि सर्व्हर यांच्या मधल्या सेवेमागे) असेल तर लायब्ररीला सगळे युजर थोड्याच आयपी पत्त्यांवरून येताना दिसतात आणि एकाच्या चुकांनी इतरांना कुलूप बसतं. खरा पत्ता तिला वेगळा द्यावा लागतो, आणि तो पत्ता सांगणारा हेडर फक्त प्रॉक्सीकडूनच आला असेल तर मानायचा.

कोडइग्नायटर ४ या फ्रेमवर्कवर असाल तर प्रश्नच नाही. शील्ड ही त्यांचीच अधिकृत लायब्ररी आहे, एका सेटअप कमांडने टेबलं आणि मार्ग तयार होतात, ईमेलवरच्या लिंकने लॉगिनही मिळतं.

फ्रेमवर्कचं लॉगिन

लाराव्हेल या फ्रेमवर्कमध्ये लॉगिनच्या साधनांची नावं फार, आणि जुने लेख वाचून गोंधळ होतो. २०२५ च्या फेब्रुवारीत आलेल्या लाराव्हेल १२ सोबत रिअ‍ॅक्ट, व्ह्यू आणि लाइव्हवायर यांचे नवे स्टार्टर किट (लॉगिनची पानं तयार असलेले सांगाडे) आले, आणि ब्रीझ व जेटस्ट्रीम या जुन्या किटमध्ये नवी भर थांबली. नवं काम सुरू करताना ब्रीझचा जुना धडा उघडू नका. फॉर्टिफाय फक्त मागची बाजू देतं, पडदे तुमचे. सँक्टम मोबाइल अ‍ॅप किंवा एपीआयच्या टोकनसाठी. पासपोर्ट तुम्हाला स्वतःच ओऑथ सर्व्हर (इतर साइट्सना लॉगिन पुरवणारा) व्हायचं असेल तरच. किटमधून आलेलं कोड तुमच्या प्रोजेक्टमध्ये कॉपी होतं, ही जमेची बाजू आणि जबाबदारीही: त्यात पुढे सुधारणा झाली तर ती आपोआप तुमच्याकडे येत नाही.

दुसऱ्या फ्रेमवर्कांपैकी सिम्फनी सुरुवातीला जड वाटते, पण नियम एका सुरक्षा फाइलमध्ये एकत्र वाचता येतात. तिची प्रयत्नमर्यादा आम्हाला जास्त पटते. युजरनेम आणि आयपी या जोडीला मिनिटाला ५ प्रयत्न, आणि एकट्या आयपीला त्याच्या पाचपट. आपल्याकडे मोबाइल नेटवर्कवर अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक आयपीमागे असतात, तेव्हा नुसत्या आयपीवर ५ ची मर्यादा लावणं म्हणजे निर्दोष माणसांना बाहेर ठेवणं. स्वतः लिहिणाऱ्यांनीही हाच हिशोब उचलावा.

जुन्या अ‍ॅप्लिकेशनच्या शेजारी फ्रेमवर्क उभं करून ‘फक्त लॉगिन त्यातून घेऊ’ हा बेत बहुधा फसतो. लाराव्हेल पीएचपीचं मूळ सेशन वापरतच नाही, त्यामुळे लाराव्हेलमध्ये लॉगिन झालेला माणूस जुन्या पानांना ओळखू येत नाही. लाराव्हेल १२ आणि सिम्फनी ७ दोन्हींना पीएचपी ८.२ लागतं. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये ते मिळतं का, हे आधी पाहा. फक्त लॉगिनसाठी अख्खं स्थलांतर करणं आमच्या मते महागाचा सौदा आहे.

गूगल आणि ओटीपी

गूगलने लॉगिन घेतलं की त्या युजरपुरतं पासवर्ड साठवणं आणि रीसेट करणं डोक्यावरून उतरतं. पीएचपी लीग या गटाची ओऑथ लायब्ररी आणि तिचा गूगलचा जोडभाग पुरतो. अडथळे ठरलेले आहेत. परतीचा पत्ता गूगलच्या कन्सोलमध्ये नोंदवलेल्या पत्त्याशी अक्षरशः जुळला पाहिजे, शेवटची तिरकी रेघसुद्धा. सेशन कुकीला सेमसाइट स्ट्रिक्ट लावलं असेल तर गूगलवरून परतताना कुकी येत नाही आणि स्टेट (जाताना दिलेली पडताळणीची खूण) जुळत नाही. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह निघून त्याशिवाय परतल्यावरही तेच होतं. आणि हीच साइट अँड्रॉइडच्या वेबव्ह्यूमध्ये (दुसऱ्या प्रोग्रॅमच्या आत चालणाऱ्या ब्राउझरमध्ये) गुंडाळून अ‍ॅप म्हणून देणार असाल तर थांबा: गूगल वेबव्ह्यूमधून लॉगिन करू देत नाही.

युजरची ओळख म्हणून गूगलचा ‘सब’ हा कायम आयडी साठवा, ईमेल नव्हे. त्याच ईमेलचं पासवर्डवालं खातं आधीपासून असेल आणि त्याची पडताळणी झालेली नसेल, तर दोन्ही आपोआप जोडू नका. कुणीतरी दुसऱ्याच्या ईमेलने आधी खातं उघडून ठेवतो, खरा मालक गूगलने आत येतो, आणि जुन्या पासवर्डने पहिला माणूसही आतच राहतो.

एसएमएस ओटीपी सगळ्यांना हवा असतो. भारतात त्यासाठी टेलिकॉम कंपन्यांच्या डीएलटी (व्यावसायिक एसएमएससाठीच्या) नोंदणीतून जावं लागतं: आधी संस्था, मग प्रेषकाचं हेडर, मग संदेशाचा साचा. मंजूर साच्यापेक्षा संदेश वेगळा गेला तर तो अडतो, आणि डेव्हलपर तासन्‌तास कोड तपासत बसतो. सहा अंकी ओटीपीला ५ मिनिटं मुदत, ५ प्रयत्न, आणि एका नंबरला दिवसाला मोजकेच संदेश अशी बंधनं नसतील तर बॉट तुमचं एसएमएसचं खातं रिकामं करतात. काही शे युजरसाठी ईमेलवरची लिंक पुरेशी आहे.

ओळख बाहेरच्या सेवेकडे सोपवली तरी जबाबदारी तिच्यासोबत जात नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा उपाय न केल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि दुसऱ्याकडून प्रक्रिया करून घेतली तरी उत्तरदायी तुम्हीच.

जुने पासवर्ड आणि ईमेल

कुठलाही मार्ग घ्या, आधीपासून एमडी५ या जुन्या, सहज फुटणाऱ्या हॅशमध्ये ठेवलेले पासवर्ड असतील तर ‘प्रत्येक जण लॉगिन करेल तेव्हा बदलू’ म्हणून थांबू नका. वर्षभर न आलेल्यांचे हॅश तसेच उघडे राहतात. आधी बॅकअप घ्या, कॉलम ३२ वरून २५५ करा, एक वेगळा खुणेचा कॉलम जोडा आणि रात्रीतून सगळ्या एमडी५ हॅशवर पासवर्ड_हॅश चालवा. कॉस्ट १२ ला पाचशे युजरचं काम दोनतीन मिनिटांत होतं. लॉगिनच्या वेळी खूण असेल तर टाकलेल्या पासवर्डचा एमडी५ काढून जुळवा, जुळला की मूळ पासवर्डचा थेट हॅश साठवा आणि खूण काढा. लायब्ररी किंवा फ्रेमवर्क घेतलं असेल तर तिच्या लॉगिनच्या आधी हा एक टप्पा घाला. जुना बॅकअप मात्र काम नीट झाल्याची खात्री पटताच सर्व्हरवरून हलवा, कारण त्यात एमडी५ अजून तसेच आहेत.

मग चाचणीसाठी स्वतःच्या जीमेलवर रीसेटचा ईमेल मागवा. होस्टिंगच्या साध्या मेल फंक्शनने पाठवलेला ईमेल बहुतेकदा स्पॅममध्ये सापडतो. डोमेनला एसपीएफ आणि डीकेआयएम (ईमेल खरंच त्या डोमेनचा आहे हे दाखवणाऱ्या नोंदी) लावून, एसएमटीपीने (मेल सर्व्हरमार्फत) पाठवून तो इनबॉक्समध्ये आला, की मगच नोंदणीचं पान लोकांसाठी उघडा.