पिलो: फोटोवर फिकट सही उमटवायला भरवशाची लायब्ररी

लग्नाचे फोटो निवडीसाठी घरच्यांना पाठवताना प्रत्येक फोटोवर स्टुडिओची सही फिकट उमटवावी लागते. ऐन लग्नसराईत एकेक फोटो उघडून हे करत बसायला वेळ कुणाकडे असतो? आमच्याकडे हे काम पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली पिलो लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, करते, आणि मनापासून सांगतो, चोख करते.

पिलो मोफत आहे, ओपन सोर्स आहे. जुन्या पायथन इमेजिंग लायब्ररीची शेवटची आवृत्ती २००९ची; पुढे तिच्यातूनच पिलो निघाली. म्हणून इन्स्टॉल करताना ‘पिलो’ म्हणायचं आणि कोडमध्ये इम्पोर्ट करताना अजूनही ‘पीआयएल’, म्हणजे त्या जुन्या लायब्ररीचं लघुनाव.

आता मुद्द्याचं. पारदर्शकता ठरते अल्फा चॅनेलवर, म्हणजे प्रत्येक पिक्सेल किती दिसावा हे सांगणाऱ्या आकड्यांवर: ० म्हणजे पिक्सेल दिसतच नाही, २५५ म्हणजे पूर्ण ठळक. सही फिकी करायची म्हटल्यावर नवखा माणूस अल्फा बसवणाऱ्या ‘पुटअल्फा’ फंक्शनला सरळ १२८ आकडा देतो. त्याने सगळ्याच पिक्सेलना १२८ लागतं, सहीभोवतीची मोकळी जागाही अर्धवट दिसायला लागते आणि फोटोवर बहुतेक वेळा काळपट चौकोन उमटतो. हे फंक्शन नावापेक्षा फसवं आहे, माहितीपत्रकात याचा इशारा ठळक हवा होता.

खरी रीत अशी: सहीचा अल्फा चॅनेल वेगळा काढायचा, ‘पॉइंट’ने प्रत्येक किमतीला ०.४ने गुणायचं आणि तोच परत बसवायचा. २५५चे १०२ होतात, १००चे ४०, शून्य शून्यच राहतं. अक्षरांच्या वळणांवरची मऊ कड तशीच टिकते. सही लहान-मोठी केली तरी कडेला काळी रेघ येत नाही, कारण आकार बदलताना पिलो रंग आधी अल्फाने गुणून घेते. ही बारीक काळजी मला फार आवडते.

मग फोटो ‘आरजीबीए’त (लाल, हिरवा, निळा आणि अल्फा) बदलून ‘अल्फा कंपोझिट’ने सही वर ठेवायची. जेपीजीत पारदर्शकता मावत नाही, त्यामुळे सेव्ह करण्याआधी परत अल्फाशिवायचं ‘आरजीबी’ करावंच लागतं, नाहीतर पिलो एरर देऊन थांबते. उभे फोटो आडवे पडू नयेत म्हणून सुरुवातीलाच ‘एक्झिफ ट्रान्सपोझ’ चालवा; कॅमेऱ्याने नोंदवलेल्या दिशेप्रमाणे ते फोटो फिरवतं.

एक अडचण पारदर्शकतेने सुटत नाही. अंतरपाटाच्या फोटोत पांढऱ्या कापडावर पांढरी सही गडप होते, कितीही ठळक करा. तिथे ‘इमेजस्टॅट’ कामी येतं: सही बसणार तेवढाच तुकडा कापून त्याचा सरासरी उजेड मोजायचा, जास्त आला तर गडद सही वापरायची. शालूवर पांढरी, अंतरपाटावर गडद, आणि निवड कोडच करतं.

रंगांची बारीक दुरुस्ती, रिटचिंग यासाठी पिलो घेऊ नका. ते काम एडिटरचंच. पण ढीगभर फोटोंवर एकसारखी, नेटकी फिकट सही हवी असेल, तर बेधडक घ्या.