ठोके अनियमित, मग गोळी कोणती? ॲस्पिरिन, ॲसिट्रोम की नवी

घरातल्या कुणाच्या ईसीजीवर एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे अनियमित ठोके, निघतं, किंवा लकव्याचा छोटा झटका येऊन गेल्यावर तपासण्यांत त्याचं मूळ हेच असल्याचं कळतं. हातात रक्त पातळ करण्याच्या गोळीची चिठ्ठी येते आणि त्याच संध्याकाळी सल्ल्यांचे फोन सुरू होतात. कुणी म्हणतं, जुनी गोळी म्हणजे उंदराचं औषध, घेऊ नका. कुणी म्हणतं, नवीचं बिल दर महिन्याला कोण भरणार? आणि एक जण हमखास सांगतो, की आमच्या बाबांना नुसती ॲस्पिरिन चालू आहे, काही होत नाही.

उंदराच्या औषधाची गोष्ट खरी आहे. वॉरफरिन 1948 मध्ये उंदीर मारण्यासाठीच बाजारात आलं आणि 1954 मध्ये माणसांसाठी मंजूर झालं. पण त्यावरून निवड करायची नसते. आपल्याकडे वॉरफरिनपेक्षा त्याचं भावंड असलेलं एसेनोकुमेरॉल जास्त दिसतं, म्हणजे बहुतेकांच्या तोंडी असलेली ॲसिट्रोम. दोघांचं काम एकाच पद्धतीचं, म्हणून पुढे 'जुनी गोळी' म्हटलं की दोन्ही समजा. 'नवी' म्हणजे डॅबिगाट्रान, रिव्हारोक्साबान, एपिक्साबान आणि एडोक्साबान.

गोळी लागते कशाला? या आजारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. ढवळणं थांबलेल्या दुधावर साय धरावी, तशी डाव्या वरच्या कप्प्यातल्या एका कोनाड्यात गुठळी धरते. ती सुटली की रक्ताबरोबर मेंदूत. लकव्याचा धोका सुमारे पाचपट होतो, आणि असा झटका बहुधा मोठाच असतो.

ॲस्पिरिन आधी बाजूला ठेवू

वय झालंय, रक्तस्राव नको, म्हणून मधला मार्ग म्हणून ॲस्पिरिन, हा विचार घरोघरी आहे आणि काही दवाखान्यांतही आहे. माझं मत स्पष्ट आहे: हा मधला मार्ग नाही, तो बहुतेक वेळा चुकीचा मार्ग आहे. ब्रिटनमध्ये 2007 साली 75 च्या पुढच्या 973 जणांवर बाफ्टा ही चाचणी झाली. लकवा आणि त्यासारख्या गंभीर घटना वॉरफरिनवर वर्षाला 1.8 टक्के, ॲस्पिरिनवर 3.8 टक्के. मोठ्या रक्तस्रावात म्हणण्यासारखा फरक नव्हता. म्हणजे ज्या भीतीपोटी ॲस्पिरिन निवडली, त्या भीतीचं उत्तर ॲस्पिरिनने दिलंच नाही.

2011 च्या एव्हेरोज चाचणीत तर ज्यांना वॉरफरिन देणं योग्य नव्हतं असेच 5,599 रुग्ण घेतले होते. एपिक्साबानवर लकवा वर्षाला 1.6 टक्के, ॲस्पिरिनवर 3.7, आणि मोठा रक्तस्राव अनुक्रमे 1.4 आणि 1.2. फरक इतका उघड होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली. हृदयात नुकताच स्टेंट बसला असेल तर ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल वेगळ्या कारणासाठी लागते, ती बाब निराळी. पण नुसत्या एट्रियल फिब्रिलेशनसाठी 'ॲस्पिरिनवर ठेवलंय' असं कुणी म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या.

आधी इको, मग गोळी

आता जुनी विरुद्ध नवी. इथे बहुतेक लोक किमतीपासून सुरुवात करतात. सुरुवात करायची ती टू-डी इकोच्या रिपोर्टपासून. त्यात मायट्रल झडपेबद्दल (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप) काय लिहिलंय? 'मायट्रल स्टेनोसिस' (झडप अरुंद होणं), 'ऱ्हुमॅटिक' (सांधेतापामुळे), असं काही आहे का? लहानपणी सांधेतापाने झडप खराब झालेले रुग्ण युरोप-अमेरिकेत आता क्वचित सापडतात, आपल्याकडे मात्र ते आजही कमी नाहीत. बऱ्याचदा चाळिशी-पन्नाशीतल्या बायका. नव्या गोळ्यांच्या ज्या मोठमोठ्या चाचण्या गाजल्या, त्यांत झडप बऱ्यापैकी अरुंद झालेले रुग्ण घेतलेच नव्हते.

त्यांच्यासाठी वेगळी चाचणी झाली, इनव्हिक्टस. निकाल ऑगस्ट 2022 मध्ये आला. आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या 24 देशांतले साडेचार हजार रुग्ण, सरासरी वय पन्नासच्या आसपास, जवळजवळ तीन-चतुर्थांश स्त्रिया. नेतृत्व कॅनडातल्या हॅमिल्टनमधून आणि दिल्लीच्या एम्समधून. निम्म्यांना रिव्हारोक्साबान, निम्म्यांना जुनी गोळी. सगळ्यांची अटकळ होती की नवी जिंकेल, निदान बरोबरी तरी होईल.

झालं उलटं. रिव्हारोक्साबानच्या गटात 552 मृत्यू, जुन्या गोळीच्या गटात 442. लकवेही नव्या गोळीवर जास्त, 90 विरुद्ध 65. आणि रक्तस्राव जुन्या गोळीवर वाढेल असं वाटलं होतं, तोही म्हणण्यासारखा वाढला नाही. हे होताना जुन्या गोळीचा बंदोबस्त काही आदर्श नव्हता. चाचणीच्या सुरुवातीला जेमतेम तिघांतल्या एकाचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीचा आकडा) हवा त्या पट्ट्यात होता आणि पुढेही हे प्रमाण साधारण 56 ते 65 टक्क्यांवरच राहिलं. असं का झालं, यावर तज्ज्ञांचा अजून खल चालू आहे. मृत्यूंतला फरक मुख्यतः अचानक मृत्यू आणि हृदय निकामी होणं यांतला होता, म्हणजे नुसत्या गुठळीने तो समजावता येत नाही. आयएनआरसाठी दर महिन्याला दवाखान्यात जावं लागतं, डॉक्टरांची नजर राहते, हे एक कारण सुचवलं जातं, पण सगळा फरक त्याने भरून निघतो असं चाचणी करणाऱ्यांनाही वाटत नाही. गोळी कायमची सोडून देणारेसुद्धा रिव्हारोक्साबानच्याच गटात जास्त होते.

कारण काहीही असो, निर्णयापुरतं उत्तर पक्कं आहे. सांधेतापाची अरुंद मायट्रल झडप असेल तर जुनी गोळी. 'परवडतंय ना, मग नवी देऊ' हा उदारपणा इथे नको. धातूची कृत्रिम झडप बसवलेल्यांनाही हेच लागू. डॅबिगाट्रान अशा झडपांवर वापरून पाहिलं तेव्हा गुठळ्याही वाढल्या आणि रक्तस्रावही, आणि 2013 ची री-अलाइन चाचणी मध्येच थांबवावी लागली. नंतर एका ठरावीक महाधमनी झडपेवर एपिक्साबानची चाचणी झाली, तीही 2022 मध्ये आवरती घ्यावी लागली.

झडप चांगली असेल तर

मग पारडं नव्या गोळ्यांकडे झुकतं, आणि चांगलंच झुकतं. 2011 ची ॲरिस्टॉटल चाचणी घ्या: 18,201 रुग्ण, एपिक्साबान विरुद्ध वॉरफरिन. हजार जणांनी वर्षभर वॉरफरिन घेतलं तर साधारण 16 जणांना लकवा किंवा अन्यत्र गुठळी, एपिक्साबानवर 13. मोठा रक्तस्राव 31 जणांना, एपिक्साबानवर 21. मेंदूत रक्त सांडून होणारा लकवा निम्म्यावर. मृत्यूही थोडे कमी. चारही गोळ्यांच्या मोठ्या चाचण्या एकत्र करून 2014 मध्ये सत्तर हजारांवर रुग्णांचा आढावा निघाला, त्यातही कवटीच्या आतला रक्तस्राव निम्म्यावर आलेला दिसला. माझ्या लेखी नव्या गोळीचा खरा फायदा हाच. आतड्यातला रक्तस्राव मात्र त्या आढाव्यात नव्या गोळ्यांवर जास्त होता, हेही सांगायला हवं.

शिवाय रोजचं जगणं. जुन्या गोळीच्या घरात फ्रिजवर एक कागद चिकटवलेला असतो: सोम-बुध-शुक्र 2, बाकी दिवस 1, रविवारी दीड. शेजारी आयएनआरचे आकडे तारखेसकट, 1.6, 3.8, 2.4. बहुतेकांना हा आकडा 2 ते 3 मध्ये हवा असतो. मेथी-पालकाचा आठवडा आला की तो खाली घसरतो, दाढेसाठी मेट्रोनिडाझोल घेतलं की वर उडतो. पालेभाजी बंद करायची नसते, रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं असतं, पण 'भाजी सोडा' एवढंच लक्षात राहतं. नव्या गोळीला यातलं काही नाही. ज्यांना तालुक्याला जाऊन रक्त द्यायचं तर अर्धा दिवस आणि एसटीचं भाडं जातं, त्यांनी किंमत मोजताना हेही मोजावं. पेटंट संपल्यावर रिव्हारोक्साबान, डॅबिगाट्रान आणि एपिक्साबानच्या भारतीय जेनेरिक गोळ्या आल्या आणि नव्या गोळीचं बिल बरंच उतरलं. जुनी अजूनही स्वस्तच आहे, पण अंतर पूर्वीसारखं नाही.

नव्या गोळीचा दुबळा मुद्दा असा, की तिचा असर दिवसभरात उतरतो आणि ती घेतली की नाही हे दाखवणारा आयएनआरसारखा आकडा नाही. विसरभोळ्या माणसाला ही मोकळीक महागात पडू शकते. रात्रीची गोळी नक्की कोण देणार, हे घरात ठरलेलं असू द्या.

नव्यांत आपसांत निवडायचं तर किडनीकडे बघा. डॅबिगाट्रान सुमारे 80 टक्के किडनीवाटे बाहेर पडतं, एपिक्साबान जेमतेम पाव भाग. म्हणून वयस्कर, क्रिएटिनिन वाढलेल्या माणसाला बहुतेकदा एपिक्साबान दिलं जातं. रिव्हारोक्साबान दिवसातून एकदाच, पण 15 आणि 20 मिलिग्रॅमची गोळी जेवणाबरोबरच घ्यायची. रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही, त्यामुळे उपवासाच्या दिवशी काय करायचं ते आधीच विचारून ठेवा. डॅबिगाट्रानची कॅप्सूल उघडून पाण्यात मिसळायची नाही, त्यामुळे नाकातून नळी असलेल्या रुग्णाला ती बाद. पोटात जळजळही अनेकांना होते. तिच्या बाजूने एक मुद्दा आहे: तिचा असर तातडीने उतरवणारं इदारुसिझुमॅब हे औषध 2015 पासून आहे, पण ते तुमच्या जवळच्या रुग्णालयात ठेवलेलं असेल याची खात्री धरू नका.

दोन प्रकारच्या औषधांबाबत विशेष सावध राहा. लकव्यानंतर फिट आली म्हणून फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन सुरू असेल, किंवा क्षयासाठी रिफॅम्पिसिन, तर नव्या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण खाली येतं. गोळी रोज पोटात जाते आणि संरक्षण मात्र अर्धवट. जुन्या गोळीवरही रिफॅम्पिसिनचा परिणाम होतो, पण तिथे आयएनआर ते निदान दाखवून तरी देतो.

चाललेली गाडी बदलायची का?

आजोबा ॲसिट्रोमवर सहा-सात वर्षं आहेत, आयएनआर बहुधा जागेवर, तब्येत नाजूक. मुलगा परदेशातून म्हणतो, नवीवर घ्या, पैसे मी देतो. नेदरलँड्समध्ये 2023 साली फ्रेल-एएफ चाचणीने नेमका हाच प्रश्न घेतला. 75 च्या पुढचे 1,330 नाजूक रुग्ण, सरासरी वय 83, सगळे जुन्या गोळीवर. काहींना नवीवर आणलं, काहींना होतं तिथेच ठेवलं. दखल घेण्याजोगा रक्तस्राव बदललेल्यांत 15.3 टक्क्यांना, न बदललेल्यांत 9.4 टक्क्यांना, आणि गुठळ्या काही कमी झाल्या नाहीत. तिथली आयएनआरची व्यवस्था आपल्यापेक्षा फारच शिस्तीची आहे, हे विसरू नये. आपल्या आजोबांचा आकडा दर महिन्याला पट्ट्याबाहेर जात असेल तर हा निष्कर्ष त्यांना जसाच्या तसा लावता येणार नाही. पण सुरळीत चाललंय, वय आणि नाजूकपणा दोन्ही आहे, तर बदलायला माझ्या मते सबळ कारण हवं. नव्याने निदान झालेल्याला मात्र सरळ नवीवरच सुरू करणं वेगळं, त्याला हा निष्कर्ष लागू नाही.

याहून नवं काही येतंय म्हणून थांबावं का? नाही. असुंडेक्सियान या औषधाचा मोठा गाजावाजा होता, रक्तस्राव नगण्य म्हणून. रक्तस्राव खरंच कमी झाला, पण एट्रियल फिब्रिलेशनमध्ये एपिक्साबानपेक्षा लकवे कितीतरी जास्त झाले आणि 2023 च्या अखेरीस ती चाचणी थांबवली.

लकवा होऊन गेल्यावर गोळी कधी सुरू करायची, यावर पूर्वी बरेच दिवस थांबण्याची रीत होती, मेंदूत रक्तस्राव होईल या धास्तीने. एलान (2023, सुमारे दोन हजार रुग्ण) आणि ब्रिटनमधली ऑप्टिमास (2024, सुमारे 3,600 रुग्ण) या दोन चाचण्यांनी ती धास्ती बरीच कमी केली. ऑप्टिमासमध्ये चार दिवसांच्या आत सुरू केलेल्यांत आणि सात ते चौदा दिवसांनी सुरू केलेल्यांत वाईट घटना सारख्याच, 3.3 टक्के. दोन्ही चाचण्या नव्या गोळ्यांच्या होत्या. झटका किती मोठा आणि स्कॅनवर रक्त दिसतंय का, हे बघूनच डॉक्टर दिवस ठरवतील, पण डिस्चार्जच्या कागदावर 'गोळी अमुक तारखेपासून' असं लिहिलेलं नसेल तर वॉर्डातून निघायच्या आधी लिहून घ्या.

आणि डोस. एपिक्साबान 5 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, हा नेहमीचा डोस. 2.5 वर यायला तीनपैकी दोन गोष्टी लागतात: वय 80 किंवा जास्त, वजन 60 किलो किंवा कमी, क्रिएटिनिन 1.5 किंवा जास्त. आपल्याकडच्या कितीतरी आज्यांचं वजन साठच्या आतच असतं, पण तेवढ्या एका कारणाने डोस अर्धा होत नाही. 'वय झालंय, जपून देऊ' म्हणून लिहिलेला 2.5 म्हणजे पुन्हा ॲस्पिरिनचाच विचार. तुमच्या चिठ्ठीवर 2.5 असेल, तर तीनपैकी कोणत्या दोन गोष्टी लागू झाल्या ते डॉक्टरांना विचारा.