गार्टर आणि रिबन सापांचा आहार: उंदीर, मासे की गांडुळं?

निर्णय घाईत घ्यायचा असेल तर एवढं लक्षात ठेवा: पाळलेल्या गार्टर सापासाठी उंदीर हा मुख्य आहार ठेवा, मासे आणि गांडुळं अधूनमधून द्या. रिबन सापासाठी योग्य जातीचे अख्खे मासे मुख्य ठेवा आणि जमेल तितका उंदीर त्यात मिसळायला शिका. निव्वळ गांडुळांवर किंवा निव्वळ बिनकाट्याच्या माशांवर दोघांनाही वर्षानुवर्षं ठेवू नका. आता यामागची कारणं पाहू, कारण माशांच्या बाबतीत चुकीची निवड सापाच्या जिवावर बेतते.

दोघं एकाच कुळातले उत्तर अमेरिकी साप. निसर्गात गार्टर साप गांडुळं, बेडूक, मासे, जळवा, बिनशंखाच्या गोगलगायी आणि कधीमधी उंदरांची पिल्लंही खातो. रिबन साप अंगाने बारीक, डोक्याने अरुंद आणि पाण्याच्या जास्त जवळ राहणारा. त्याचा भर बेडूक, बेडकांची पिल्लं आणि लहान मासे यांवर असतो. बरेच रिबन साप गांडुळाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. त्यामुळे एका जातीसाठी वाचलेला सल्ला दुसऱ्या जातीला जसाच्या तसा लावता येत नाही.

उंदीर

अख्ख्या उंदरात हाडांमधून कॅल्शियम मिळतं, यकृतातून अ जीवनसत्त्व, स्नायूंमधून प्रथिनं. वरून कसलीही पावडर टाकावी लागत नाही. हाच त्याचा सर्वात मोठा फायदा. पण अगदी नवजात, बिनकेसाच्या पिल्लांची (म्हणजे पिंकींची) हाडं पुरती भरलेली नसतात. म्हणून सापाच्या तोंडात बसू लागली की लव फुटलेली, थोडी मोठी पिल्लं द्यायला सुरुवात करा. भक्ष्याची जाडी सापाच्या सर्वात जाड भागाइतकी, फार तर किंचित जास्त असावी.

प्रौढ गार्टरला ७ ते १० दिवसांतून एकदा उंदीर पुरतो. इथे चूक उलट्या दिशेने होते. हे साप सतत भुकेले दिसतात, काचेपाशी येऊन हालचाल करतात आणि मालक जास्त खाऊ घालतो. गांडुळं भराभर पचतात, पण उंदरात चरबी बरीच असते आणि ती साठत जाते. साप वळला की वळणापाशी खवल्यांच्या मधली कातडी ताणलेली दिसू लागली, शेपटीच्या सुरुवातीला फुगवटा आला, तर दोन जेवणांतलं अंतर वाढवा.

गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळू द्या. मग बंद पिशवीत घालून सुमारे ४० अंश सेल्सिअसच्या पाण्यात १० ते १५ मिनिटं ठेवा. मायक्रोवेव्ह वापरू नका, उंदीर एका बाजूने शिजतो आणि पोट फुटतं. देण्याआधी पोट बोटाने दाबून पाहा, आत खडा लागला तर तो अजून गोठलेलाच आहे. असा थंडगार घास साप बहुधा उलटून टाकतो. उलटी झाली तर ८ ते १० दिवस काहीही देऊ नका, पाणी मात्र सतत ठेवा, आणि पुढचं जेवण नेहमीच्या निम्म्या आकाराचं द्या.

मासे

इथे सर्वात जास्त घोटाळा होतो, म्हणून जरा सविस्तर. काही माशांच्या शरीरात थायमिनेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते बी-१ जीवनसत्त्व (थायमिन) मोडून टाकतं, आणि त्याच जेवणातल्या इतर अन्नातलंही. म्हणजे गोल्डफिशसोबत उंदराचा तुकडा दिला तर धोका टळत नाही. गोठवल्याने हे विकर नष्ट होत नाही. सुमारे ८० अंशांवर ५ मिनिटं शिजवलं तर ते निकामी होतं, पण त्या उष्णतेत माशातलं बी-१ही कमी होतं, म्हणून ते वरून द्यावं लागतं. सुरक्षित मासे सहज मिळत असताना हा उपद्व्याप करण्यात अर्थ नाही.

टाळायचे मासे: गोल्डफिश, कार्प कुळातले इतर मासे, चारा म्हणून विकले जाणारे गुलाबी-लाल मिनो (रोझी रेड), स्मेल्ट, हेरिंग. चालणारे मासे: गप्पी, प्लॅटी, मॉली हे अख्खे, सॅमन, ट्राउट, तिलापिया, कॉड हे तुकडे करून. दुकानात ‘चारा मासे’ एवढीच पाटी असेल तर जात विचारा. ती कळली नाही तर घेऊ नका.

बी-१ कमी पडू लागलं की आधी नेम चुकतो: साप झेप घेतो, पण भक्ष्याच्या बाजूला. मग डोकं थरथरतं, मान मागे वळून वर जाते. हळूच पाठीवर उलटा केला तर निरोगी साप क्षणात सरळ होतो. बी-१ कमी पडलेला साप तसाच पडून राहतो किंवा उशिराने वळतो. इतकं दिसलं की घरगुती उपाय करत बसू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांचा पशुवैद्य बी-१चं इंजेक्शन देतो आणि वेळेत दिलं तर बरेच साप सावरतात. माशांची जात पक्की ठाऊक नसूनही त्यांच्यावरच भर ठेवावा लागत असेल, तर दर किलो माशांमागे २५ ते ३० मिलिग्रॅम थायमिन हे मत्स्याहारी प्राण्यांसाठी वापरलं जाणारं प्रमाण आहे. त्याची पूड माशाच्या पोटात भरून द्यावी.

अख्खा लहान मासा आणि माशाचा तुकडा यांत फरक मोठा आहे. गप्पीत काटा, यकृत, आतडी सगळं असतं. सॅमनच्या तुकड्यात नुसतं मांस असतं, म्हणजे फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. त्यामुळे प्रत्येक तुकड्यावर चिमूटभर कॅल्शियमची पूड लागतेच. तेलकट मासा दर वेळी नको. कडक काटे असलेले मासे, विशेषतः कॅटफिश, घशात किंवा आतड्यात रुततात. जिवंत माशांतून जंतही येतात, म्हणून ते किमान महिनाभर गोठवून मगच द्यावेत. रानातून पकडलेले बेडूक तर देऊच नका. रिबन सापाचं ते आवडतं खाणं असलं, तरी जंतांचा धोका त्यांच्यात फारच जास्त असतो.

मासे खाणाऱ्या सापाला दर ४ ते ५ दिवसांनी जेवण लागतं. विष्ठा पातळ आणि वासाची होते, त्यामुळे टाकीही जास्त वेळा साफ करावी लागते. उंदरावर असलेल्या सापाचं हे काम निम्म्यावर येतं.

गांडुळं

नवजात पिल्लांसाठी याहून सोपं अन्न नाही. जन्मतः पेन्सिलीहून बारीक असलेलं पिल्लू अख्खी पिंकी गिळू शकत नाही, पण गांडुळाचा १ ते २ सेंटिमीटरचा तुकडा झटकन गिळतं. दर २ ते ३ दिवसांनी द्या. मोठी, जमिनीत खोल बिळं करून राहणारी गांडुळं (नाइटक्रॉलर) योग्य.

गांडूळखताच्या पेटीतली लाल गांडुळं मात्र अजिबात नकोत. त्यांच्या अंगावर लालसर-पिवळे आडवे पट्टे असतात आणि हातात धरली की पिवळा, उग्र वासाचा द्रव सोडतात. तो सापांना विषारी ठरतो. एक गांडूळ बोटांत धरून पाहिलं की ओळख पटते. कीटकनाशक मारलेल्या बागेतली गांडुळंही नकोत. देण्यापूर्वी एक दिवस ओल्या कागदावर ठेवली की पोटातली माती निघून जाते. कॅल्शियम कमी असल्याने आठवड्यातून एकदा पूड भुरभुरा. प्रौढ सापाला केवळ गांडुळांवर ठेवलं तर तो जगतो, पण पोषण अपुरं राहतं.

उंदरावर कसं आणायचं

वासाच्या आधारे. साप ५ दिवस उपाशी असताना पिंकीचे बारीक तुकडे करून गांडुळाच्या किंवा गप्पीच्या तुकड्यांत मिसळा, एक भाग उंदीर आणि तीन भाग ओळखीचं अन्न. बशीत द्या, चिमट्याने नको, म्हणजे तो निवडत बसणार नाही. दर २ ते ३ जेवणांनी उंदराचा भाग वाढवा. शेवटी अख्ख्या पिंकीला माशाचा रस नुसता चोळून पुरतं. एखाद्या टप्प्यावर नकार दिला तर एक पायरी मागे या. गार्टर बहुधा काही आठवड्यांत वळतो. रिबन महिने घेतो आणि काही कधीच वळत नाहीत. त्यांच्यासाठी गप्पी आणि मॉली हाच मुख्य आहार ठेवून, जमेल तेव्हा माशाच्या वासाचे उंदराचे तुकडे द्यावेत.

झुरळं, नाकतोडे, कोंबडीचं किंवा इतर बिनहाडाचं मांस यांचा या यादीत विचारच नको.

एका टाकीत दोन साप असतील तर खाण्यापुरतं त्यांना वेगळं करा. एकाच गांडुळाची दोन टोकं दोघांनी धरली तर मोठा साप दुसऱ्याचं डोकंही गिळू लागतो. अर्ध्या तासाने, तोंडाला लागलेला वास गेल्यावर एकत्र सोडा. खाल्ल्यावर २ दिवस हाताळू नका आणि टाकीच्या उबदार टोकाला २९ ते ३२ अंश राखा. त्याहून थंड राहिलं तर पचन अडतं.

डोळे दुधाळ झाले म्हणजे कात यायची वेळ आहे. तेव्हा न खाणं स्वाभाविक. पण कात टाकून दोन आठवडे झाले, टाकी उबदार आहे, वजन घटतंय आणि तरी साप तोंड लावत नाही, तर ताजी विष्ठा डबीत घेऊन जंतांच्या तपासणीसाठी पशुवैद्याकडे न्या.