हलक्या क्लचच्या नादात गेलेले २४,७५० रुपये

वडिलांची १९७४ ची बुलेट, उजव्या पायाच्या गिअरची. कित्येक वर्षं पडवीत ताडपत्रीखाली होती, ती गेल्या वर्षी उभी केली. रंग झाला, क्रोम झालं, सायलेन्सरचा आवाजही तोच जुना. क्लच मात्र असा जड, की दाबताना दात आवळावे लागायचे.

दाभोळहून धोपाव्याला येताना फेरीबोटीच्या उतारावर पुढची गाडी अडली. मी पहिल्या गिअरवर क्लच दाबून उभा. अर्ध्या मिनिटात अंगठ्याच्या मुळापासून कोपरापर्यंत कळ गेली, बोटं सुटली, गाडी गचका खाऊन बंद. मागून टेम्पोवाल्याचा हॉर्न. पाठी बसलेला पुतण्या म्हणाला, "काका, विकून टाका आता." मला ते लागलं. गणपतीला मुंबईची सगळी मंडळी येणार, त्यांच्यापुढे हीच फजिती नको म्हणून त्याच रात्री मोबाइलवर शोधत बसलो.

जुन्या बुलेटसाठी 'लाइट क्लच सेट', ६,८०० रुपये. फोन लावला. माणूस गोड बोलणारा, वाक्यागणिक 'सर'. त्याचं एक वाक्य अजून कानात आहे: "सर, यात डबल ताकदीच्या स्प्रिंगा आहेत, म्हणून क्लच लोण्यासारखा चालतो."

आणि मी म्हणालो, "वा!"

अहो, क्लच दाबताना आपला हात लढतो तोच मुळी त्या स्प्रिंगांशी! स्प्रिंग ताकदीची म्हणजे क्लच आणखी जड. हे सांगायला मेकॅनिक लागत नाही, कपड्यांचा चिमटा दाबून बघितला तरी कळतं. रिस्टोरेशनच्या वेळी क्लचच्या तिन्ही स्प्रिंगा मी स्वतः फडक्याने पुसल्या होत्या. तरी 'वा' म्हणालो. त्या वाक्याला फोन ठेवला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. रात्री अडीचला जाग येते ती याच 'वा'मुळे.

६,८०० पाठवले. पैसे पाठवताना स्क्रीनवर दुकानाच्या नावाऐवजी कुणा बाईचं नाव आलं. "मिसेसचं खातं आहे सर." बरं. दुसऱ्या दिवशी ट्रान्सपोर्टच्या विम्याचे १,४५०. तेही दिले. मग माल 'परत गेला' आणि माझे ८,२५० परत करायला त्याने क्यूआर कोड पाठवला. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. स्कॅन केला, पिन टाकला, ८,२५० आणखी गेले. "सर, एरर आलाय, पुन्हा करा." पुन्हा केलं. पुन्हा ८,२५०.

मी पतसंस्थेत एकतीस वर्षं काढली. 'पैसे घेताना पिन लागत नाही' हा कागद काउंटरवर मीच चिकटवला होता. पण तो सतत बोलत होता, घरात मखराची गडबड, हातात एक फोन आणि कानाला बायकोचा दुसरा. हसायचं तर हसा. तुमच्यावरही अशी वेळ एकदा येऊ दे, मग बोलू.

फोन ठेवल्या ठेवल्या त्याने सगळे मेसेज पुसून टाकले. म्हणून स्क्रीनशॉट आधी काढा, भांडण नंतर. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन लावा. मी लावला तो चाळीस मिनिटांनी, कारण आधी त्याला शिव्या घालायला शोधत होतो. तक्रार नंबर मिळाला, पण त्या बाईच्या नावाच्या खात्यात तोवर काही उरलं नव्हतं.

मग सुरू झाली वारी. बँकेत: "पिन तुम्हीच टाकलात ना?" पोलीस ठाण्यात (तालुका कुठला ते लिहीत नाही, मला तिथे पुन्हा जायचंय): साहेब विसर्जनाच्या बंदोबस्तावर. दुसऱ्यांदा गेलो तर अर्ज दोन प्रतींत हवा. तिसऱ्यांदा हवालदार म्हणाला, हे जिल्ह्याला सायबरकडे. तिथे एसटीने गेलो तर, "आधी तुमच्या ठाण्याचं पत्र आणा." पत्र मागायला परत ठाण्यात, तर तिथे मला विचारतात, त्या माणसाचा पत्ता काय! पत्ता माहीत असता तर मी अर्ज घेऊन आलो असतो का? एकाने तर सरळ तोंडावर सांगितलं, "काका, पंचवीस हजारच गेलेत, लोकांचे लाखांनी जातात." म्हणजे मी आणखी घालवून यायला हवं होतं. झेरॉक्स आणि एसटीचे ६४० रुपये झाले, ते या हिशेबात धरलेलेच नाहीत.

आता क्लचचं. नाक्यावरच्या आमच्या मेकॅनिकने गिअरबॉक्सकडून केबल सोडवली आणि आतली तार नुसत्या हाताने ओढून पाहिली. करकरत अडकत होती. खाऱ्या हवेने आत गंज, त्यात टाकीखाली केबल चिमटल्यासारखी वळवलेली. वर रिस्टोरेशनवाल्याने लावलेला चकचकीत लिव्हर: त्यात लिव्हर ज्यावर फिरतो त्या खिळ्यापासून केबलच्या टोकाच्या निपलपर्यंतचं अंतर जास्त, म्हणून दाबायला जोर जास्त. माळ्यावरचा वडिलांच्या वेळचा लिव्हर काढला. नवी केबल २२०, मजुरी १५०. आता तीन बोटांत दाबला जातो. काहीही विकत घ्यायच्या आधी केबल सोडवून ओढून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. आणि विकणारा गिअर उजवीकडे की डावीकडे हे स्वतःहून विचारत नसेल, तर त्याला बुलेटमधलं काही कळत नाही.

परवा ती जाहिरात पुन्हा दिसली. फोटो तोच, 'डबल ताकदीच्या स्प्रिंगा' त्याच. किंमत तेवढी ७,२०० केलीय.